ताम्रपटावरचे संगीत : उलटे कोरलेले, सुलटे वाचलेले

१/८
१७५६ साली जर्मनीत एक जाहिरात प्रसिद्ध झाली. दिवंगत संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’ या ग्रंथाचे साठाहून अधिक ताम्रपट विक्रीस काढले होते. विकणारा खुद्द त्याचा पुत्र कार्ल फिलिप इमॅन्युएल. पाच वर्षांत ग्रंथाच्या जेमतेम ३० प्रती खपल्या होत्या.

२/८
ताम्रपट म्हटले की राष्ट्रकूट, शिलाहार राजांची दानपत्रे आठवतात. ती सुलट कोरली जात, कारण तो पत्राच वाचायचा असे. संगीताच्या पटावर मात्र शाई भरून तो कागदावर दाबायचा असे. म्हणून सारे लेखन उलटे, आरशातील प्रतिबिंबासारखे कोरावे लागे.

३/८
हा खटाटोप कशासाठी? युरोपीय स्वरलिपीत पाच आडव्या रेषांवर स्वरचिन्हे बसतात. १५०१ मध्ये व्हेनिस येथे ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने खिळे जुळवून असे संगीत छापले. पण त्यासाठी तोच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखाली घालावा लागे. एकावर एक रचलेले स्वर आणि वळणदार कंस तर खिळ्यांना पेलतच नसत.

४/८
कोरणीला असे बंधन नव्हते. १५८६ मध्ये रोम येथे सिमोने व्हेरोव्हियोने तांब्यावर कोरलेले संगीत प्रसिद्ध केले. १७०० च्या सुमारास लंडनच्या जॉन वॉल्शने तांब्याऐवजी प्यूटर हा कथलाचा मऊ मिश्रधातू आणि पोलादी ठसे वापरात आणले. काम स्वस्त व जलद झाले.

५/८
कारागीर आधी पानाची आखणी करी. मग पाच दातांच्या अवजाराने पाच समांतर रेषा एकदम ओढल्या जात. स्वरांची डोकी ठशावर हातोडी मारून उमटत; दांड्या आणि कंस कोरणीने काढले जात. चूक झाल्यास ती जागा पटाच्या पाठीवर मापाने हेरून, तेथे ठोकून धातू वर आणायचा, पुढची बाजू सपाट करायची आणि पुन्हा कोरायचे.

६/८
खरी कसोटी अंतराची होती. दीर्घ स्वराला जागा अधिक हवी. पण दुप्पट काळाला दुप्पट जागा दिली तर पान विसविशीत होते. वादकाचे हात वाद्यावर गुंतलेले असतात, म्हणून पान शक्यतो विरामापाशी संपवावे लागे. ही नजर दीर्घ उमेदवारीतूनच येई. कारागिराचे नाव मात्र पानावर क्वचितच येई.

७/८
एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील लाइपझिग हे या कलेचे मोठे केंद्र बनले. ४ डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात तेथील मुद्रणवस्ती उद्ध्वस्त झाली. म्युनिकच्या हेन्ले प्रकाशनाने हाताने कोरण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जपली. पुढे संगणक आला. पण उत्तम स्वरलेखनाचा मापदंड म्हणून कोरलेल्या पानांकडेच पाहिले जाते.

८/८
आणि बाखचे ते ताम्रपट? त्यांचे वजन सुमारे ५० किलो होते. त्या ग्रंथातील चौथा फ्यूग बाखच्या स्वतःच्या उपलब्ध हस्तलिखितात नाही. तो आज वाजवता येतो, तो केवळ त्या पटांवरून छापलेल्या, फारशा न खपलेल्या प्रतींमुळे.