भर मोसमात ‘ट्रेड’: जिंकण्यासाठी बेसबॉल संघ किती किंमत मोजतात?

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. निम्म्याहून अधिक मोसम सरल्यावर, साधारण जुलैअखेरपर्यंत, संघांना खेळाडूंची अदलाबदल म्हणजेच ‘ट्रेड’ करता येतो. जेतेपदाच्या शर्यतीतला संघ तयार खेळाडू घेतो आणि मागे पडलेला संघ बदल्यात होतकरू पोरं मागतो. खरी घासाघीस तिथेच होते.

शिकागो कब्सचंच पाहा. १९०८ नंतर जेतेपद नाही, पण २०१६ मध्ये संघ जोरात होता. हवा होता तो शेवटच्या डावात आघाडी राखणारा पिचर. न्यूयॉर्क यँकीजकडे ताशी १०० मैलांहून (सुमारे १६० किमी) अधिक वेगाने चेंडू फेकणारा अरोल्डिस चॅपमन होता. मात्र त्याचा करार मोसमाअखेर संपणार होता. शिवाय कौटुंबिक हिंसाचाराच्या आरोपांनंतर लीगने त्याला ३० सामन्यांसाठी निलंबित केलं होतं, ही बाबही छोटी नव्हती.

तरीही कब्सनी त्याच्यासाठी चार खेळाडू दिले. त्यात १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप ग्लेबर टोरेस होता. काही महिन्यांच्या पाहुण्यासाठी ही किंमत भारीच. पण टोरेसच्या जागी खेळू शकणारे तरुण कब्सकडे आधीच होते, म्हणून हा सौदा परवडणारा होता.

क्लीव्हलँडविरुद्धच्या अंतिम मालिकेत, सातव्या सामन्याच्या आठव्या डावात चॅपमननेच आघाडी घालवली. कब्स दहाव्या डावात ८-७ असे जिंकले. डिसेंबरमध्ये चॅपमन यँकीजकडे परतला. टोरेस तिथेच २०१८ मध्ये ऑल-स्टार झाला.