हिल्मा आफ क्लिंट : अमूर्त चित्रं आधी काढूनही इतिहासाबाहेर राहिलेल्या चित्रकार

जगातलं पहिलं अमूर्त चित्र कुणी काढलं? कलेच्या पुस्तकांत बरीच वर्षं एकच उत्तर मिळायचं. वासिली कांदिन्स्की, साल १९११. पण त्याच्या चार वर्षं आधीच स्टॉकहोममध्ये एक बाई तीन मीटरहून उंच कागद जमिनीवर पसरून त्यावर वर्तुळं, वेटोळी आणि पाकळ्या रंगवत होत्या. त्यांचं नाव हिल्मा आफ क्लिंट.

कोण होत्या हिल्मा?

जन्म १८६२, स्वीडन. १८८७ मध्ये स्टॉकहोमच्या रॉयल अकादमीतून त्यांनी कलेचं शिक्षण पूर्ण केलं. निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं काढून त्या पोट भरायच्या.

दुसरीकडे त्यांना गूढविद्येची ओढ होती. १८८० मध्ये धाकटी बहीण वारल्यावर ती वाढली. १८९६ मध्ये त्यांनी चार मैत्रिणींसोबत 'द फाइव्ह' हा गट काढला. आपल्याकडच्या प्लँचेटसारख्या बैठका व्हायच्या. अदृश्य शक्तींकडून आलेले संदेश या पाच जणी लिहून ठेवायच्या, हात नेईल तशा रेघा काढायच्या. अशाच एका संदेशातून चित्रं काढायचं काम मिळालं, असं हिल्मा मानत. १९०६ ते १९१५ या काळात 'मंदिरासाठीची चित्रं' ही १९३ चित्रांची मालिका तयार झाली.

बायकांनाच गूढविद्येचा आधार का?

त्या काळी चर्च असो की कलेची अकादमी, शब्द पुरुषांचा चालायचा. प्लँचेटच्या बैठकीत मात्र माध्यम बहुतेकदा बाई असायची आणि सगळे तिचं ऐकायचे. लंडनच्या जॉर्जियाना हॉटन यांनी तर १८७१ मध्येच अशी १५५ चित्रं स्वखर्चाने प्रदर्शनात मांडली होती. त्यात त्यांचं जवळपास दिवाळं निघालं.

हिल्मांवर प्रभाव असलेली थिऑसॉफिकल सोसायटीही एका बाईने, हेलेना ब्लाव्हाट्स्की यांनी, सहकाऱ्यांसोबत १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन केली. १८७९ ते १८८२ या काळात तिचं मुख्यालय चक्क मुंबईत होतं.

मग नाव मागे का पडलं?

एक कारण हिल्मांनीच दिलं. आपल्या मृत्यूनंतर २० वर्षं ही चित्रं दाखवू नयेत, असं त्यांनी सांगून ठेवलं. १९४४ मध्ये त्या गेल्या.

पण १९७० मध्ये स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझिएटला हा सगळा ठेवा देऊ केला, तेव्हा म्युझियमने तो नाकारला. चित्रांमागचं आत्म्यांचं प्रकरण हे त्याचं कारण सांगितलं जातं.

गंमत म्हणजे पीट माँद्रियान १९०९ पासून थिऑसॉफिकल सोसायटीचे सदस्य होते. कांदिन्स्कींनी कलेतल्या अध्यात्मावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्याबाबतीत हे 'चिंतन' ठरलं, हिल्मांच्या बाबतीत 'भुताखेतांचा नाद'.

आज काय स्थिती आहे?

१९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात ही चित्रं जगासमोर आली. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये ती पाहायला ६ लाखांहून जास्त लोक आले.

वाद मात्र संपलेला नाही. अदृश्य शक्तींचा संदेश म्हणून काढलेल्या चित्रांना अमूर्त कला म्हणायचं का, यावर मतभेद आहेत. काही चित्रांत मैत्रीण आना कासेल आणि इतर जणींचाही हात होता, असं अलीकडचे अभ्यासक मांडतात. म्हणजे 'पहिलं कोण' याचं उत्तर आता एका नावात मावेलच असं नाही.