भाऊसिंगजी रोडवरचा चहा

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं ‘सत्यसुधारक’. पण गिऱ्हाईक फिरकेना. चहात खोट नव्हती. चहा करणारा माणूस अस्पृश्य मानलेल्या जातीतला होता. कांबळे आधी संस्थानच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदातल्या पाण्याला हात लावल्याचा ठपका ठेवून त्यांना बेदम मारलं गेलं, तेव्हा शाहू महाराज दिल्लीला होते. परतल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना स्वतःचा धंदा काढून दिला. मग महाराजांची गाडी येता-जाता हॉटेलपुढे थांबू लागली. महाराज चहा मागवत, स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही तोच चहा घ्यायला लावत. राजासमोर नाही म्हणायची सोय नव्हती.

चहा आपल्याकडे रुजला तो असा, सोवळ्याओवळ्याशी झगडत. त्याआधी, 1890 मध्ये, पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली आणि शहर हादरलं. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना त्या प्रकरणात प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावं लागलं. चहा घेणाऱ्यांची नावं छापून आणली ती गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी. हे गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीत काही काळ कोल्हापुरातच होते. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला, तो इथूनच. पुढे आनंदीबाईंची नेमणूकही कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात झाली. आजचं सीपीआर रुग्णालय ते हेच. रुजू होण्याआधीच, 1887 मध्ये, त्या गेल्या.

चहा कुणी केला, कुणाबरोबर घेतला, यावर त्या पिढीनं अशी रणं माजवली. चहा घेतल्यावर डोक्यात काय होतं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

1903 मध्ये इंग्रज सरकारनं चहावर उपकराचा कायदा केला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने, खाणी इथे कामगारांसाठी चहाची दुकानं आणि चहाची सुट्टी यावी म्हणून मळेवाल्यांनी जोर लावला. थकलेल्या माणसाला हुशारी येते, हात चालतो, हे मालकांनाही पटलं. स्वतः शाहूंनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीची लागवड करून पाहिली होती. पुढे 1930 च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आलं. त्याची बारीक दाणेदार पावडर थोडक्यात कडक उतरते. स्वातंत्र्यानंतर ती सगळीकडे पोचली आणि चहा गरिबाच्या चुलीवर कायमचा बसला. गावाकडे पाहुणा उंबऱ्यात दिसताच ‘च्या ठेव गं’ अशी हाक जाऊ लागली.

कोल्हापूरच्या तालमीत मात्र चहाला सहजी जागा मिळाली नाही. लाल मातीतल्या पोरानं दूध प्यावं, तूप खावं, बदामाची थंडाई घ्यावी, ही वस्तादांची शिकवण. गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून ग्लास हातात देणारा दूध कट्टा या शहराच्या अभिमानाचा विषय आहे. चहानं भूक मरते, झोप उडते, असं जुनी माणसं सांगत. झोपेबद्दल त्यांचं निरीक्षण अचूक होतं.

झोप उडते ती कॅफिनमुळे. फ्रीडलिब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते 1819 मध्ये कॉफीच्या बियांतून वेगळं काढलं. माणूस जागा असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं, ठरावीक ग्राहींवर बसतं आणि गुंगी आणतं. कॅफिन त्याच जागा आधी अडवून बसतं. त्यामुळे लक्ष टिकवण्याशी जोडलेल्या डोपामिनचा निरोपही थोडा जोरानं पोचतो, आणि इथेच एडीएचडीचा संबंध येतो.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, हातचं काम पुरं करणं, आवेग आवरणं जड जाणं. काहींत त्याबरोबर सततची चुळबूळ. असं मूल पूर्वीही घरोघरी असणार. पण शेताच्या बांधावर, गुरांमागे त्याची चुळबूळ खुपत नव्हती. शाहूंनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अशी मुलं मोठ्या संख्येनं चार भिंतींत बसली आणि ‘द्वाड’, ‘धसमुसळा’, ‘ध्यानच नाही’ हे शेरे मास्तरांच्या तोंडी आले असणार. त्यावर उपाय होता छडी. किती पोरांनी कशापायी मार खाल्ला याची नोंद कुठे नाही, आणि ही खंत बाळगावी अशीच गोष्ट आहे.

1937 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरनं वागणुकीच्या अडचणी असलेल्या मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं, आणि त्यातली बरीच मुलं शांत होऊन अभ्यासाला बसली. उत्तेजकानं चंचल पोर स्थिर व्हावं, हे डॉक्टरांनाही नवल वाटलं. मग 1973 मध्ये रॉबर्ट श्नाकेनबर्ग या डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला: कडक औषधांऐवजी साधी कॉफी चालेल का? त्यांचा अनुभव आशादायक होता. पण नंतरच्या काटेकोर चाचण्यांत तो टिकला नाही. त्या चाचण्यांत मुलं थोडीच होती. तरी एकत्रित हिशेब केल्यावर कॅफिन आणि खोटी गोळी यांत ठाम फरक निघाला नाही. कारण कळण्याजोगं आहे. मिथाइलफेनिडेट हे औषध डोपामिन परत शोषलं जाणं थेट अडवतं. कॅफिन आडवाटेनं, थोडंसं ढकलतं.

तरीही एडीएचडी असलेली अनेक मोठी माणसं सांगतात, की चहा घेतल्यावर डोकं जागेवर येतं. काहींना तर चक्क झोप येते. त्यांना खोटं ठरवायचं कारण नाही. निदान न होता चाळिशी गाठलेला माणूस दर तासाला टपरीवर जातो, तेव्हा तो कदाचित नकळत स्वतःवर उपचारच करत असतो. त्याला चहाबाज म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. पण या उपचाराची किंमत रात्री द्यावी लागते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. एडीएचडी असलेल्यांची झोप बऱ्याचदा मुळातच बिघडलेली असते, त्यात संध्याकाळचा चहा भर घालतो. अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी उडतं आणि पुन्हा चहा लागतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या आहारसूचनांनुसार चहाच्या एका कपात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि मोठ्या माणसानं दिवसाला 300 च्या वर जाऊ नये. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळावा, असंही त्यात आहे, कारण चहातलं टॅनिन लोह नीट शोषू देत नाही. बशीतून चहा पिणाऱ्या अशक्त पोराच्या बाबतीत ही सूचना जास्तच महत्त्वाची. ज्यांना मिथाइलफेनिडेट सुरू आहे, त्यांनी चहा-कॉफी बेतानं घ्यावी. दोन्हींमुळे छातीची धडधड आणि अस्वस्थता वाढू शकते. मूल वर्गात टिकत नसेल तर त्याला कप देऊन वाट पाहण्यात वर्षं घालवू नयेत, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. आणि तिथे दिवसभरात किती चहा होतो, शेवटचा किती वाजता होतो, हेही मोकळेपणानं सांगावं.