उदगीरचा तह आणि पानिपतची वाट

'अटकेपार झेंडे लावणे' आणि 'पानिपत होणे' हे दोन वाक्प्रचार मराठी भाषेला 1758 ते 1761 या अल्प काळाने दिले. या दोहोंच्या मधोमध आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीरची लढाई येते. तिच्या नावाचा वाक्प्रचार मात्र आमच्या ऐकिवात नाही. जे युद्ध हेतू साधताच थांबते, त्याची आठवण भाषा ठेवीत नसावी. आम्हांस ही उणीव महत्त्वाची वाटते.

उदगीरहून औशाच्या रोखाने निघालेल्या निजामाच्या फौजेला सदाशिवरावभाऊंनी गाठले आणि 3 फेब्रुवारी 1760 रोजी निर्णायक लढाई झाली. शत्रू शेजारचा होता, मुलूख परिचित होता आणि काय मिळाले म्हणजे परतायचे हेही ठरलेले होते. तहात दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसह सुमारे 60 लाखांचा मुलूख पदरी पडला. या जमाखर्चात औसा-उदगीरच्या रयतेचे काय झाले याची नोंद नसते, हे खरे. पण युद्ध संपले होते.

पुढच्याच महिन्यात परतूरहून हीच फौज उत्तरेकडे निघाली. कारण होते 1752 च्या करारात. बादशाहीचे अंतर्गत बंडखोरांपासून आणि अब्दालीपासून रक्षण करण्याची हमी मराठ्यांनी दिली आणि मोबदल्यात 50 लाख रुपये व पंजाब, सिंध आदी प्रांतांची चौथाई मान्य करून घेतली. दुसऱ्याच्या सिंहासनाचे रक्षण कधी पुरे झाले म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर त्या कागदात नव्हते. पंजाब घेतला तर तो राखायला ठाणी हवीत, ठाण्यांना पैसा हवा, पैशासाठी नवी स्वारी हवी. राघोबादादा लाहोर गाठून परतले ते कर्ज घेऊन. 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तेव्हा माघारीचा विचार आणखीच अवघड झाला. गेलेल्यांचे रक्त हेच पुढे जाण्याचे कारण ठरले.

रक्षणकर्ता म्हणून गेलेल्या भाऊंना दिल्लीत फौजेच्या पोटासाठी दिवाण-ए-खासचे रुपेरी छत उतरवावे लागले. सूरजमल जाट निघून गेला, राजपूत तटस्थ राहिले, शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला. आपण ज्यांचे रक्षण करीत आहोत असे आपण मानतो, त्यांना आपण खंडणी मागणारेच वाटत असू, तर तह कोणाशी करणार?

शेजवलकरांसारख्या व्यासंगी इतिहासकाराने पानिपतामागे अखिल हिंदुस्थानच्या संरक्षणाचा विचार पाहिला. तो आम्ही हलका लेखत नाही. परंतु हेतू उदात्त असल्याने युद्धाला शेवट लाभत नाही; उलट हेतू जितका विशाल, तितकी थांबण्याची जागा दूर सरकते. 2001 मध्ये अफगाणिस्तानात उतरलेल्या अमेरिकेला तेथून निघायला 2021 उजाडले, आणि काबूल पुन्हा तालिबानच्याच हाती गेले.

14 जानेवारी 1761 नंतर उदगीरची कमाईही टिकली नाही. निजाम अली पुन्हा उठला आणि 1763 मध्ये त्याने पुणे लुटले. त्याच वर्षी 10 ऑगस्टला गोदाकाठी राक्षसभुवनला त्याच्याशी नव्याने लढावे लागले. दूरच्या युद्धाने जवळची शांतताही खाल्ली.

साहित्याच्या वर्गात पानिपत शिकवताना आपण विश्वासराव, भाऊ आणि जनकोजी यांच्या शौर्यापाशी रेंगाळतो. शोकांतिकेची ती ओढ स्वाभाविक आहे. पण शोकांतिका म्हटले की दोष दैवावर जातो आणि निर्णय घेणारे सुटतात. नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात आणि सेतुमाधवराव पगडींच्या निलंग्याच्या परिसरात तरी अभ्यासाची सुरुवात संक्रांतीच्या रणापासून न करता 1752 च्या कागदापासून व्हावी. त्या कागदावर सही करताना परतीची अट कोणी विचारली होती का, हा विद्यार्थ्यांना घालण्याजोगा पहिला प्रश्न आहे.