कॉम्प्युटर नावाचा कामगार

कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने इंग्रजी व्याकरणावर बोलावे आणि त्यासाठी विषय कॉम्प्युटरचा घ्यावा, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे इंग्रजी मी शब्दकोश उशाशी ठेवून, करार, निकाल आणि नोटिसा चाचपडत वाचून मिळवले. तेव्हा यात पांडित्य सापडणार नाही. चुकांची कबुली मात्र आधीच देऊन ठेवतो.

आमच्या कचेरीत दर रविवारी सकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो. सूतगिरणीतले आणि यंत्रमागावरचे पंधरा-वीस लोक येतात. आरंभी आम्ही शाळेचे पुस्तक घेतले. मांजर चटईवर बसले, राम बाजाराला गेला, ही वाक्ये तीन रविवार टिकली. चौथ्या रविवारी चारच माणसे आली. त्याच सुमारास एका गिरणीत हजेरीसाठी अंगठ्याचे यंत्र बसले होते आणि फलकावर इंग्रजी नोटीस लागली होती. तिच्यातली एक ओळ अशी : 'वेजेस हॅव बीन डिडक्टेड ॲज पर सिस्टीम.' सिस्टीमप्रमाणे मजुरी कापण्यात आली आहे. मी ठरवले की व्याकरण शिकायचे ते आता याच यंत्राच्या भाषेवरून.

पहिला धडा एका प्रत्ययाचा. इंग्रजीत क्रियापदाला 'अर' लागला की ते काम करणारा माणूस उभा राहतो. हा धडा आमच्या लोकांना शिकवावाच लागला नाही. स्पिनर, वीव्हर, वाइंडर, डॉफर, जॉबर ही नावे त्यांनीच सांगितली. मग एकाने विचारले, 'तर मग कॉम्प्युटर कोण?' दुसरा एक जण, तो स्वतः डॉफर होता, म्हणाला, 'आमच्या खात्यात आता डॉफर नावाचे यंत्रच आले आहे. ऑटो डॉफर. तसेच असेल.' या उत्तराने मी चकित झालो; कारण इतिहास अगदी तसाच आहे.

कॉम्प्युट म्हणजे हिशेब करणे. १६१३ सालच्या एका इंग्रजी पुस्तकात कॉम्प्युटर हा शब्द आढळतो, तो माणसासाठी. पुढे तीनशेहून अधिक वर्षे त्याचा प्रमुख अर्थ तोच राहिला. इंग्लंडचे राजज्योतिर्विद नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७६७ सालापासून दर्यावर्दी लोकांसाठी नॉटिकल अल्मनॅक हे पंचांग काढले. त्यातील चंद्राच्या स्थितीचे किचकट आकडे काढणाऱ्यांना कॉम्प्युटर म्हणत. ही माणसे कारखान्यात बसत नसत. टपालाने सूचना येत, घरी बसून आकडे काढायचे, परत धाडायचे, आणि केलेल्या कामाप्रमाणे पैसे घ्यायचे. आपल्या विडी वळणाऱ्या बायकांची पद्धत यापेक्षा फारशी वेगळी नाही. एकच गणित दोघांकडून स्वतंत्रपणे करवून घेत आणि तिसरा माणूस ते ताडून पाही. त्याला म्हणत कंपेअरर. पुन्हा तोच 'अर'. दोघा कॉम्प्युटरांनी एकमेकांचे आकडे उतरवून घेतल्याचे उघडकीस आले, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आले. लडलो या गावच्या मेरी एडवर्ड्स हे काम करीत, पण काम नि पैसे पतीच्या नावावर. १७८४ साली पती वारल्यावर त्यांना हे काम आपलेच आहे असे सांगून स्वतःच्या नावाने मागावे लागले. हजेरीपटावर एकाचे नाव आणि मागावर दुसरा, हा प्रकार आम्हाला नवा नाही.

यानंतर फ्रान्स. राज्यक्रांतीनंतर दशमान पद्धत आली आणि तिच्यासाठी गणिताची नवी कोष्टके हवी झाली. गास्पार द प्रोनी या इंजिनियराने ॲडम स्मिथच्या १७७६ सालच्या ग्रंथात टाचण्यांच्या कारखान्यातील श्रमविभागणी वाचली होती. तीच त्याने डोक्याच्या कामाला लावली. वर मोजके थोर गणिती, मध्ये सातआठ जाणकार, आणि तळाशी साठसत्तर किंवा अधिक माणसे, ज्यांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काही येण्याची गरजच नाही. या तळच्या लोकांत बरेचसे केशरचनाकार होते असे इतिहासकार सांगतात. सरदार-दरकदार गेले, त्यांचे केसांचे टोप गेले, त्यामुळे हे लोक बेकार झालेले.

चार्ल्स बॅबेज या इंग्रजाने ही कोष्टके पॅरिसमध्ये पाहिली, आणि तळच्या माणसांकडे बोट दाखवून विचार केला की एवढेच काम असेल तर ते यंत्राने का करू नये? १८३२ साली त्याने कारखाने व यंत्रे यांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिले, त्यात प्रोनीच्या या व्यवस्थेचे वर्णन आहे. पुढे त्याने ॲनॅलिटिकल इंजिनाचा आराखडा केला. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. पण त्याच्या भागांना त्याने दिलेली नावे पाहा. जिथे आकडे साठवायचे तो 'स्टोअर' आणि जिथे त्यांच्यावर क्रिया व्हायची ती 'मिल'. मिल म्हणजे गिरणी! यंत्राला हुकूम द्यायचे ते भोके पाडलेल्या पत्त्यांनी, आणि ती युक्ती फ्रान्समधील जाकार्दच्या मागावरून उचललेली, ज्यावर नक्षीचे कापड विणले जाई. जाकार्द हा शब्द आमच्या मागवाल्यांच्या तोंडी रोजचा. कॉम्प्युटरचे पूर्वज आपल्याच धंद्यातले निघाले म्हणून त्या रविवारी वर्गात जो आनंद झाला, तो कुठल्याही क्रमिक पुस्तकाने झाला नसता.

माणसाचे नाव यंत्राकडे गेले ते अलीकडे, दुसऱ्या महायुद्धात. फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके करण्यासाठी तरुण स्त्रिया नेमल्या होत्या. त्यांचा हुद्दा कॉम्प्युटर. एका गोळ्याचा मार्ग काढायला टेबलावरच्या गणकयंत्रानेही तीस-चाळीस तास लागत. तेथेच एनिॲक हे विजेचे यंत्र तयार झाले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगाला दाखवण्यात आले. त्याच्या लांबलचक नावातील शेवटचा शब्द कॉम्प्युटर. ते चालवण्याची जुळणी सहा स्त्रियांनी केली, आणि त्या आधीच्या कॉम्प्युटरांपैकीच होत्या. त्यांतली एक के मॅकनल्टी. तिचा जन्म १९२१ साली आयर्लंडच्या डोनेगलमधला. तीन वर्षांची असताना अमेरिकेत आली, आणि शाळेत जाईपर्यंत तिला आयरिशखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. इंग्रजी शिकली, गणिताची पदवी घेतली, आणि १९४२ साली वर्षाला १६२० डॉलरवर कॉम्प्युटर झाली. यंत्राच्या प्रकाशनाचा समारंभ झाला, जेवणावळ झाली. त्या सहाजणींना आमंत्रण नव्हते.

आपल्याकडेही पाहा. गणक हा जुना शब्द माणसाचा, हिशेब करणारा किंवा ज्योतिषी. त्याला 'सम्' जोडून संगणक झाला तो यंत्राचा. बँकांतील इतिहास तर पुष्कळांना आठवत असेल. १९८३ साली यांत्रिकीकरणाविषयी बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. नंतर शाखाशाखांत जे यंत्र बसले त्याचे नाव 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. चार शब्दांत कॉम्प्युटर कुठे नाही. लेजर पोस्टिंग हे खातेवही लिहिणाऱ्या कारकुनाचे काम. तेच यंत्राच्या नावात जाऊन बसले. नाव सौम्य असले म्हणजे विरोधही सौम्य होतो, असे कुणाला वाटले असल्यास नवल नाही.

दुसरा धडा आज्ञार्थाचा. आरंभी यंत्राला आकड्यांतच हुकूम द्यावे लागत. ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलातील विदुषीने आग्रह धरला की हिशेबनिसांना कळतील अशा शब्दांत ते लिहिता यावेत. तिने फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही हुकूम लिहून दाखवले, तेव्हा वरिष्ठ बिचकले. अमेरिकेत घडलेल्या यंत्राला परकी भाषा कशी समजेल, अशी त्यांची समजूत! हा किस्सा तीच पुढे हसून सांगे. यंत्राला इंग्रजीही समजत नव्हती, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. तिच्या कामाच्या पायावर १९५९-६० साली कोबॉल ही भाषा झाली. तिच्यात वाक्ये असतात, परिच्छेद असतात, वाक्याअखेर पूर्णविराम असतो. 'ॲड ओव्हरटाइम टू वेजेस' हे तिच्यातले शुद्ध वाक्य. आपण म्हणू, 'ओव्हरटाइम मजुरीत मिळव.' मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजी आज्ञार्थात अगदी आरंभी. एवढा फरक वर्गाला पटकन कळला. वेळ लागला तो पुढच्या प्रश्नाला. या वाक्यात कर्ता कोण? कर्ता अध्याहृत आहे : तू. तो 'तू' म्हणजे यंत्र. आणि 'तू हे कर' असे म्हणणारा? तो वाक्यात नाही, पण वाक्याबाहेर कुठेतरी खुर्चीवर बसलेला आहेच.

मग आम्ही नोटिशीकडे वळलो. तिसरा धडा कर्मणी प्रयोगाचा. 'मजुरी कापण्यात आली आहे' हे वाक्य कर्तरी करा, असे मी सांगितले. पाटीवर खडू टेकवून एकेक जण थांबला. बहुतेकांनी कर्ता लिहिला सिस्टीम. तेव्हा तो डॉफर पुन्हा उठला. म्हणाला, 'सिस्टीम तर तू आहे. तिला कुणी सांगितले?'

त्याच प्रश्नाचे आम्ही पत्र केले. पाच मिनिटे उशीर झाल्यास अर्ध्या तासाची मजुरी कापावी, हा नियम यंत्रात कोणी, कोणत्या तारखेला आणि कोणत्या अधिकाराने घातला, एवढेच विचारले. इंग्रजी वर्गानेच लिहिले. 'हू' आरंभी घालून कर्तरी प्रयोगात. तीन आठवड्यांनी उत्तर आले, 'द मॅटर इज बीइंग एक्झामिन्ड.' ते आम्ही पुढच्या रविवारी फळ्यावर घेतले. पुढच्या पगारात कापलेले पैसे परत जमा झाले. नवी नोटीस लागली. तिच्यातही रक्कम जमा करण्यात आली आहे एवढेच होते, कोणी ते नव्हते.