नंबर एक कोण?

बर्मिंगहॅम. 1968 चा फेब्रुवारी नुकताच लागलाय. पाचलाच अंधार पडला आणि कोळशाच्या धुराचा वास ओल्या रस्त्यावर रेंगाळतोय. एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांची ही रांग. त्यातल्या एका घरात वरच्या खोलीत तुम्ही भाड्यानं राहता. तुमच्या खोलीतला गॅसचा मीटर शिलिंग टाकल्याशिवाय चालत नाही आणि नाणं संपलं की शेगडी विझते. म्हणून संध्याकाळी तुम्ही खाली, घरमालकांच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसता. आज तर घरमालकीणबाईंनी जिन्यातूनच हाक मारली, "लवकर या, आज शेवटचा भाग!"

खिसे चाचपू नका, मोबाइल नाही. कोपऱ्यात लाकडी पेटीतला टीव्ही आहे, तोही भाड्याचा. बटण फिरवल्यावर आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत पडदा काळाच राहतो. मग हळूहळू चित्र उजळतं. सेट जुना आहे, त्यावर बीबीसीचं दुसरं चॅनल लागतच नाही. पहिलं बीबीसी आणि जाहिराती दाखवणारं आयटीव्ही, एवढंच. जे दिसेल ते एकदाच दिसणार. रेकॉर्ड करायची सोय नाही, उद्या परत लागणार नाही. हे नीट मनावर ठसू द्या, कारण आज रात्री जे घडणार आहे त्यातलं निम्मं या एका गोष्टीमुळे घडणार आहे.

मालिकेचं नाव 'द प्रिझनर'. सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झाली. आजचा भाग सतरावा. गोष्ट थोडक्यात अशी : एक ब्रिटिश गुप्तहेर रागारागानं राजीनामा देतो, घरी येतो, कुलपाच्या भोकातून गॅस आत येतो आणि तो बेशुद्ध पडतो. जाग येते ती एका चित्रासारख्या सुंदर, समुद्रकाठच्या वस्तीत. तिथं कुणालाच नाव नाही, फक्त नंबर. याचा नंबर सहा. पळू पाहणाऱ्याला एक भलामोठा पांढरा फुगा गुरगुरत येऊन गुदमरवतो. बहुतेक दर आठवड्याला नवा नंबर दोन येतो आणि विचारतो, राजीनामा का दिलास? आणि हा विचारतो, नंबर एक कोण?

सहाचं काम करणारा पॅट्रिक मॅकगूहन या घराला आधीपासून ठाऊक आहे. 'डेंजर मॅन'मधला हेर म्हणून घरमालकांनी त्याला वर्षानुवर्षं पाहिलंय. ते लाँगब्रिजच्या ऑस्टिन मोटार कारखान्यात काम करतात. गेल्या महिन्यात कंपनी लेलँडमध्ये विलीन होणार असं जाहीर झाल्यापासून ते जरा घुम्यासारखे बसतात, पण या मालिकेवर बोलताना मात्र ते कधी थकत नाहीत. त्यांचं मत पक्कं आहे : नंबर एक म्हणजे सहाचाच लंडनमधला जुना साहेब. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीचं मत वेगळं. तो बुटका, कधीच न बोलणारा बटलर आहे ना, तोच. तिच्या वर्गात निम्म्या पोरी बटलरच्या बाजूच्या आहेत. अंगठा आणि तर्जनी जुळवून डोळ्याशी नेत त्या एकमेकींना त्या वस्तीतला सलाम ठोकतात.

तुम्हाला उत्तर माहीत आहे. तुम्ही पुढच्या काळातून आलात. पण बोलायचं नाही.

भाग सुरू होतो आणि पहिला धक्का श्रेयनामावलीतच बसतो. इतके आठवडे या घरात वाद चालला होता की ही वस्ती आहे तरी कुठे. एका भागात लिथुएनिया सांगितलं, दुसऱ्यात मोरोक्कोचा किनारा निघाला. आणि आता पडद्यावर अक्षरं येतात : हॉटेल पोर्टमेरियन, उत्तर वेल्स. "वेल्स!" घरमालकीणबाई विणकाम मांडीवर टाकतात. "आपण सुट्टीला जातो ते वेल्स?" क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदानं 1925 पासून हौसेनं उभं केलेलं ते गाव. शेवटच्या भागापर्यंत त्याचं नाव झाकून ठेवलं होतं. तिथले रंगीत पट्ट्यांचे झगे, छत्र्या, भिंती, सगळं रंगीत फिल्मवर टिपलेलं आहे. पण आयटीव्हीवर रंग यायला 1969 चा नोव्हेंबर उजाडणार आहे. या खोलीत ते सगळं राखाडी दिसतं.

मग पुढचा पाऊण तास खोलीत काय चाललंय ते पाहा. पडद्यापेक्षा माणसांकडे पाहा.

जमिनीखाली एक मोठी गुहा. अर्धे काळे, अर्धे पांढरे मुखवटे घातलेली सभा. न्यायाधीशाच्या टोपातला अध्यक्ष. आधीच्या भागात मेलेला नंबर दोन परत जिवंत केला जातो, तेही त्याची दाढी भादरून. ("दाढी का काढली?" मालक विचारतात. खरं कारण साधं आहे : दोन भागांच्या चित्रीकरणात बरेच महिने गेले आणि मधे लिओ मॅकर्ननं दाढी काढली होती. पण खोलीत प्रत्येक जण त्यात अर्थ शोधतोय.) एक उंच टोपीवाला तरुण हाडांचं जुनं भक्तिगीत गात नाचत सुटतो आणि सगळी सभा त्याच्यामागे ठेका धरते. बीटल्सचं 'ऑल यू नीड इज लव्ह' लागतं, मुलगी टाळी वाजवते. मागच्याच जूनमध्ये उपग्रहावरून जगभर दाखवलेल्या कार्यक्रमात बीटल्सनी ते गायलं होतं. सहाला सिंहासनावर बसवतात. तू जिंकलास, बोल, म्हणतात. तो 'मी' म्हणून सुरुवात करतो आणि सगळी सभा 'मी, मी, मी' ओरडून त्याचं भाषण बुडवते. मालक पाइप विझलेला तसाच दातात धरून आहेत. हा हेरकथेचा शेवट नाही, हे त्यांना आता कळून चुकलंय.

आणि ती जागा येते. सहा वर चढून जातो. झगा घातलेली आकृती, तिच्या झग्यावर आकडा एक. तो मुखवटा ओढतो. खाली माकडाचं तोंड. तेही ओढतो.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं, एवढाच वेळ. वेड्यासारखा हसणारा चेहरा, आणि आकृती शिडीवरून वर पसार.

"तोच होता!" मुलगी उभीच राहते.

"कोण तोच?"

"तोच! सहा! त्याचाच चेहरा!"

"माकड होतं," मालक म्हणतात.

"माकडाच्या खाली!"

घरमालकीणबाई नेमक्या त्या क्षणी सुटलेला टाका उचलत होत्या. त्या तुमच्याकडे पाहतात. "तुम्ही पाहिलंत?" या एका प्रश्नासाठी तुम्हाला अर्ध्या शतकापलीकडून इथं यावं लागलं असं वाटतं, आणि तरी तुमच्या तोंडून एवढंच निघतं, "मला वाटतं... तोच होता."

मागे नेऊन पाहता येत नाही. चित्र पुढे निघून गेलंय. त्याच प्रेमाच्या गाण्यावर मशीनगन चालतायत, एक अग्निबाण उडतोय. मग कैदी एका लॉरीतून लंडनकडे निघतात, ए20 रस्त्यावर. मालक खुर्चीतून पुढे सरकतात. "लॉरीनं? म्हणजे इतके दिवस चालत येण्याच्या अंतरावर होता?" लंडनमध्ये सहाच्या घराचं दार बटलरसाठी आपोआप उघडतं, गुणगुणत, अगदी त्या वस्तीतल्या दारांसारखं. दारावर आकडा, एक. बाकी नटांची नावं येतात, पण मॅकगूहनच्या जागी फक्त 'प्रिझनर'. संपलं.

खोलीत कुणी बोलत नाही, आणि मग सगळे एकदम बोलतात.

मालक कोट चढवतात. घरात फोन नाही, कोपऱ्यावर लाल खोका आहे. तुम्ही सोबत जा. आधी नंबर फिरवायचा आणि पलीकडून उचलल्यावरच नाणं सारायचं, अशी या फोनची रीत. त्यांनी सहा पेनीचं नाणं मुठीत तयार ठेवलंय. टीव्ही कंपनीचा नंबर एंगेज. पुन्हा एंगेज. खोक्याबाहेर एक शेजारी येऊन उभा राहतो, त्यालाही तिथंच फोन करायचाय. त्या रात्री कंपनीचे स्विचबोर्ड तक्रारींनी तुंबले असं पुढे सगळीकडे सांगितलं गेलं. मॅकगूहननंही नंतरच्या मुलाखतींत सांगितलं की लोक इतके खवळले होते की त्याला काही काळ तोंड लपवावं लागलं. मालक घरी परततात ते नाणं मुठीत तसंच घेऊन.

मला हा राग रास्त वाटतो, आणि तो वेडेपणा होता असं पुढच्या कौतुकाच्या भरात जे लिहिलं गेलं ते मुळीच पटत नाही. या माणसांनी एका माणसाच्या हट्टावर इतके महिने जीव लावला होता. त्यांना खलनायक हवा होता, म्हणजे कुणाला तरी बोट दाखवता आलं असतं. मालिकेचा पटकथा-संपादक जॉर्ज मार्कस्टाइन यालाही ही हेरकथाच वाटत होती. शीर्षकदृश्यात ज्याच्या टेबलावर राजीनामा आपटला जातो तो माणूस म्हणजे तोच. मतभेद झाले आणि तो मालिका सोडून गेला. मॅकगूहननं शेवट स्वतः लिहिला, घाईत लिहिला, स्वतःच दिग्दर्शित केला, आणि बोट बघणाऱ्याकडेच वळवलं. पाऊण तास माणसांना गोंधळात ठेवून, उत्तर निमिषभर दाखवून निघून जाणं हा अन्यायच होता. पण ते उत्तर त्यानं सावकाश दाखवलं असतं, समजावून सांगितलं असतं, तर लाँगब्रिजचा एक कामगार थंडीत फोनच्या खोक्यात उभा राहिला नसता. एखाद्या मालिकेनं माणसाला इतकं हलवणं मला फार मोलाचं वाटतं.

पुढचे काही दिवस तुम्ही बसमध्ये, चहाच्या रांगेत, कोपऱ्यावरच्या पेपरच्या दुकानात हेच ऐकता. माकड पाहिलेले, चेहरा पाहिलेले आणि काहीच न पाहिलेले असे तीन तट पडलेत. कंडक्टर तिकीट फाडताना विचारतो, तुम्ही कुठल्या तटातले? घरी पाठवायच्या निळ्या हवाई पत्रावर तुम्ही हे लिहू पाहता आणि अडता, कारण मुंबईत अजून दूरचित्रवाणीच नाही. ती यायला 1972 चा ऑक्टोबर लागणार आहे.

आता सोळा वर्षं पुढे चला. 1983-84 चा हिवाळा. चॅनल फोर सगळी मालिका पुन्हा दाखवतंय. दरम्यान चाहत्यांची संस्था निघालीय, लोक पोर्टमेरियनला जमून पट्ट्यांचे झगे घालून मिरवतात. तेच घर, नवा टीव्ही, खाली व्हिडिओ रेकॉर्डर. झगा कुठल्या रंगाचा होता ते घराला पहिल्यांदाच दिसतंय. मुलगी तिशीची झालीय, तिचा लेक गालिच्यावर पालथा पडून पाहतोय. मालक निवृत्त झालेत, पाइप सुटलाय. माकडाचं तोंड निघतं आणि ती बटण दाबते. पडद्यावर आडव्या रेघा थरथरतात, त्यांच्यामागे चेहरा.

"पाहा. आता तरी पाहा."

मालक चष्मा लावून जवळ जातात, वाकतात, बराच वेळ पाहतात.

"तोच आहे," ते म्हणतात. "ठीक. पण मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आत्ताही पटत नाही. तो स्वतःच नंबर एक, तर मग फुगा कुणी सोडला? गॅस कुणी सोडला? यानंच?"

"तेच तर!"

"तेच तर काय? पुढे घे. त्या दाराचं दाखव. ते आपोआप का उघडतं, ते सांग आधी."