इअरफोन वापरून वापरून आवाज 'खुलतो', की आपल्या कानाला सवय होते?

नवे इअरफोन घरी आले, आवडतं गाणं लावलं आणि आवाज पत्र्यासारखा वाटला. मित्राला सांगितलं तर तो म्हणतो, "अरे, आधी रात्रभर वाजत ठेव. पन्नास-शंभर तास झाले की आवाज खुलतो." यालाच 'बर्न-इन' म्हणतात. रील्समध्ये आणि कमेंट्समध्ये हा सल्ला तुम्हीही वाचला असेल. दुसरीकडे, वर्षभर वापरलेल्या इअरफोनबद्दल लोक उलटी तक्रार करतात, "पहिल्यासारखा आवाज राहिला नाही."

मग वापराने आवाज बदलतो का? थोडक्यात सांगायचं तर, आतला स्पीकर फारच कमी बदलतो. त्याच्या भोवतीच्या वस्तू बऱ्याच बदलतात. आणि कधीकधी बदललेला असतो तो आपला कान. हा तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

'बर्न-इन'ची कल्पना आली कुठून?

नवी चप्पल आधी चावते, मग पायाला बसते. इअरफोनचंही तसंच असेल असं वाटणं साहजिक आहे. मोठ्या स्पीकरच्या बाबतीत त्यात थोडं तथ्यही आहे. त्यांच्या कागदी पडद्याभोवती रबराची किंवा फोमची कड असते. ती नवी असताना जरा ताठ असते आणि वाजवल्यावर थोडी सैल होते.

इअरफोनमध्येही चुंबक, तारेची गुंडाळी आणि पातळ पडदा असतो, पण तो पडदा काही मिलिमीटर रुंदीचा असतो आणि हलतो अगदी किंचित. काही महागड्या इअरफोनमध्ये तर धातूची बारीक पट्टी थरथरून आवाज तयार करते. सैल व्हायला तिथे फारसं काही नसतंच.

अमेरिकेतली शुअर ही कंपनी मंचावरच्या गायकांसाठीही इअरफोन बनवते. १९९७ साली आलेल्या आपल्या ई-१ इअरफोनचे भरपूर वापरलेले जोड तिने पुन्हा तपासले, तेव्हा त्यांची मोजमापं नव्यासारखीच आली. मोजणी करताना एक गोष्ट नेहमी दिसते: तोच इअरफोन काढून पुन्हा कानात घातला, तरी आवाजात जो फरक पडतो, तो बऱ्याचदा शेकडो तासांच्या वापराने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

मग आठवड्याभरात आवाज चांगला का वाटू लागतो?

कारण मेंदू शिकतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही जणांच्या बाह्यकर्णात साचे बसवून कानाचा आकारच बदलला. सुरुवातीला आवाज वरून येतो की खालून, हे त्या लोकांना ओळखता येईना. काही आठवड्यांत मेंदूने नव्या कानांशी जुळवून घेतलं आणि ते पुन्हा ओळखू लागले. साचे काढल्यावर जुनी ओळखही लगेच परत आली.

नव्या इअरफोनचंही असंच होतं. पहिल्या दिवशी मेंदू जुन्या इअरफोनशी तुलना करत असतो. आठवड्याभराने नवा आवाजच त्याला 'नेहमीचा' वाटतो. म्हणून रात्रभर मोठ्या आवाजात वाजत ठेवायची गरज नाही. नुसते वापरा. आणि पंधरा दिवसांनीही आवाज आवडला नाही, तर 'अजून खुलेल' म्हणून परतीची मुदत घालवू नका.

खरंच बदलतं ते काय?

इअरटिप: म्हणजे पुढचं मऊ रबर. कानात घालायच्या इअरफोनमध्ये बास टिकतो तो या रबराने कान नीट बंद केला म्हणून. रबर कडक झालं, फाटलं किंवा सैल पडलं, की फटीतून बास निसटतो आणि उरतो तो पत्र्यासारखा आवाज. नव्या इअरफोनचा आवाज पातळ वाटण्याचं नेहमीचं कारणही हेच, चुकीच्या मापाचं रबर. फोमच्या टिप्स तर काही महिन्यांतच बदलाव्या लागतात.

जाळी: कानातला मळ बारीक जाळीवर साचतो. आवाज हळूहळू दबतो, बहुधा एकाच बाजूचा. लोकांना वाटतं स्पीकर गेला, पण नुसती जाळी साफ केली की तो परत येतो.

वायर आणि पिन: वायर नेहमी वाकते तिथेच आतून तुटते, म्हणजे पिनेजवळ. पीन बहुधा पितळेची असते आणि वरून निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा असतो. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, त्यामुळे घासलं नाही तर पितळ कसं काळवंडतं हे तिथल्यांना सांगायला नको. मुलामा झिजलेल्या पिनेचंही तेच होतं आणि आवाजात खरखर येते.

सॉफ्टवेअर: ब्लूटूथ इअरबड्समध्ये अपडेटनंतर आवाज खरोखर बदलू शकतो. फोन चालू असताना गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं, कारण माईक सुरू झाला की आवाजाचा दर्जा खाली येतो. हा बिघाड नाही.

भंडाऱ्याच्या हवेत काय काळजी घ्यायची?

भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या इअरबड्सची बॅटरी लवकर म्हातारी होते आणि रबरही खराब होतं. पुढे जुलैत रोवणीचे दिवस येतात. बांधीत घाम आणि पाऊस दोन्ही असतात. ओले इअरबड्स तसेच डबीत बंद केले, तर ओलावा आत राहतो आणि चार्जिंगच्या पिना गंजतात. आधी कोरड्या कापडाने पुसा, मग डबीत ठेवा.

साफ करताना जाळीचं तोंड खाली ठेवून कोरड्या मऊ ब्रशने झटका. सुई किंवा टाचणी घालू नका, जाळी फाटते. रबर काढून साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

आणि कानच बदलला असेल तर?

झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. रात्रभर भोंग्याजवळ बसलात किंवा वरातीत डीजेसमोर नाचलात, की सकाळी कानाला दडे बसल्यासारखं होतं. त्या वेळी इअरफोन लावले तर आवाज मंद वाटणारच. बहुतेक वेळा हे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बरं होतं. पण वारंवार झालं, तर आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मरतात. त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत.

रोजच्या प्रवासाचाही हिशेब मांडा. समजा, तुम्ही भंडाऱ्याहून नागपूरला रोज बसने जाता. एका बाजूला दीड तास लागतो. बसच्या घरघरीत गाणं ऐकू यावं म्हणून तुम्ही आवाज वाढवता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. म्हणजे ९० डेसिबलवर ऐकत असाल, तर सोमवारी जाऊन-येऊन तीन तास झाले आणि मंगळवारी सकाळी नागपूर येईपर्यंत अख्ख्या आठवड्याचा कोटा संपला. नीट बसणारं रबर इथे दुहेरी कामाचं आहे: बाहेरचा गोंगाट अडतो, म्हणून कमी आवाजातही गाणं ऐकू येतं. मात्र रस्त्यावर चालताना किंवा गाडी चालवताना इअरफोन काढूनच ठेवा.

दोष इअरफोनचा की कानाचा? दोन मिनिटांची चाचणी

१. इअरफोन साफ करा, दोन्ही रबरं नीट बसवा.

२. शांत खोलीत, मध्यम आवाजात ओळखीचं गाणं लावा. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' सुरू करा, म्हणजे दोन्हीकडे सारखाच आवाज येईल. डावा-उजवा बॅलन्स मध्यावर आहे का, तेही बघा.

३. कोणत्या बाजूला आवाज कमी आहे ते लक्षात ठेवा.

४. आता अदलाबदल करा. डावा उजव्या कानात, उजवा डाव्या कानात. इअरबड्स उलटे नीट बसत नसतील तर हाताने धरा.

कमी आवाज इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला, तर दोष इअरफोनचा. रबर, जाळी, वायर बघा. पण तो त्याच कानात राहिला, तर नवे इअरफोन मागवू नका, कान दाखवा. अनेकदा आत साचलेला मळच निघतो, पण तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या, घरी काडी घालू नका.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर वाट बघू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. गावात किंवा तालुक्याला तज्ज्ञ नसतील तर जिल्हा सामान्य रुग्णालय गाठा. अशा बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांत उपचार मिळाले, तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते. सतत शिटी वाजल्यासारखं होत असेल किंवा समोरच्याचं बोलणं अर्धवट कळत असेल, तरीही तपासणी करून घ्या.

इअरफोनचं रबर बाजारात मिळतं, इअरफोनही नवे घेता येतात. म्हणून पुढच्या वेळी आवाज बदललाय असं वाटलं, तर आधी ही अदलाबदल करून बघा.